वाळीत टाकलंय आणि ठाण्यात म्हणतात, 'समाजाचं समाजात मिटवा'

दादा, बहिणीने जातपंचायतीच्या पंचांना न विचारता कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून तुमचं घर वाळीत टाकलंय आणि पंच त्याला 'आमच्या धर्माचा प्रश्न' म्हणतायत, हे वाचताना नावं बदलून आमचीच हकीकत लिहिलीय असं वाटलं. फक्त आमच्याकडे ती बहीण मी होते.

बहिष्कारविरोधी कायदा तुम्हाला ठाऊक असेलच, ते सांगत बसत नाही. आमचं घोडं अडलं ठाण्यात. तिथे तक्रार एनसी म्हणून नोंदवली, म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी. अहो, हा दखलपात्र गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही! पण एनसीचा कागद हातात पडला की घरच्यांना वाटतं काम झालं, आणि तपास काही सुरू होत नाही. वर साहेबांनी पंचांना बोलावून समेटाची बैठक लावली. पंच म्हणाले, घटनेने आम्हाला धर्मस्वातंत्र्य दिलंय. साहेबांनी मान डोलावली, चहा मागवला. याच काळात आजी गेली. सख्खा मामेभाऊ रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता. अलीकडे आला असता तर त्यालाही दंड पडला असता.

पंचांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, हेही सांगते. समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा मुंबई राज्याने 1949 मध्ये केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी, म्हणजे सय्यदनांनी, त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय. त्यामुळे समोरचा वकील 1962 तोंडावर फेकणार, हे धरून चाला. पण ते प्रकरण धर्मगुरूने धार्मिक कारणावरून बहिष्कृत करण्याचं होतं. आपला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा वेगळा, तो 2017 पासून लागू आहे. माझं मत विचाराल तर पूजा कशी करायची ते समाजाने खुशाल ठरवावं, बाईने नांदायचं की नाही ते ठरवणारे हे कोण? पंचांत एक बाई नाही, आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्याला छदामाचा दंड नाही. असो. मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचाराच.

ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आमच्या वेळी ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 156(3) होतं, नव्या संहितेत (बीएनएसएस) 175(3) झालंय. 'त्या घरी कुणी जायचं नाही' हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ज्या फोनवर आलाय तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून चालत नाही. अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) जातपंचायत मूठमाती अभियान आहे, त्यांचे कार्यकर्ते ठाण्यात सोबत असले की आवाज जरा खाली येतो, साहेबांचा.

आणि पंच दंडाचे पैसे परत करून 'केस मागे घ्या' म्हणायला येतील. ठाण्यात बसून कोणत्याही कागदावर बहिणीची सही होऊ देऊ नका. तडजोड करायचीच असेल तर कोर्टासमोर, आणि तीही तिला हवी असेल तरच.