छातीच्या मधल्या हाडाविषयी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेली पत्रे निरनिराळ्या तालुक्यांतून आलेली असली, तरी त्या सर्वांचा विषय एकच हाड आहे. गळ्याच्या खळीपासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत छातीच्या मधोमध जे चपटे हाड बोटांना लागते, त्याला उरोस्थी म्हणतात. प्रौढ माणसात ते साधारण १५ ते १७ सेंटिमीटर लांब असते. वरचा रुंद भाग, मधला लांब भाग आणि खालचे लहानसे टोक असे त्याचे तीन भाग असून, वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी हसळीची हाडे जोडलेली असतात. बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या कूर्चेच्या पट्ट्यांनी थेट या हाडाला येऊन मिळतात. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागतो तसा टणक पण लवचिक भाग. या हाडाच्या अगदी मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, म्हणून येथे दुखू लागले की मनात भीती येणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून दर्यापूर तालुक्यात शेतमजुरी करते. कापूस वेचणी सुरू झाल्यापासून छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला दुखते. ओटीत कापूस घेऊन वाकले, गाठोडे उचलले किंवा खोकला आला की कळ येते. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, तो चांगला आला. तरी दुखणे जात नाही. माझे सासरे हृदयविकाराने वारले, त्यामुळे फार भीती वाटते.

उत्तर : ताई, आपण आधी ईसीजी काढून घेतला, हे अतिशय योग्य केले. आपल्या वर्णनावरून हे दुखणे बहुधा बरगडी आणि उरोस्थी यांच्या मधल्या कूर्चेला आलेल्या सुजेचे असावे. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या सांध्यांत ते जास्त आढळते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. दुखणारी जागा एका बोटाने नेमकी दाखवता येते आणि तेथे दाबल्यावर अगदी तीच कळ उठते, ही त्याची मुख्य खूण आहे. त्याच जागी डोळ्यांना दिसेल असा फुगवटा आला, तर त्याला टिट्झे यांच्या नावाने ओळखतात. या जर्मन शल्यचिकित्सकाने १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. तोही धोक्याचा आजार नाही. दिवसभर वाकून वेचणी करणे, ओटीचा भार सतत पुढच्या बाजूला असणे आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर चढवणे, एवढे कारण या सांध्यांना पुरेसे आहे.

तरीही एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय निर्दोष आहे, असे केवळ त्यावरून ठरत नाही. आणि हृदयविकाराच्या सुरुवातीच्या तासांत काढलेला एखादा ईसीजी चांगलाही येऊ शकतो. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, चालताना किंवा चढावर दुखणे आणि थांबल्यावर ओसरणे, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, यांपैकी काहीही झाले तर ओवा किंवा सोडा घेऊन वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात, हे घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजे. सासऱ्यांच्या आजाराचा धोका रक्ताच्या नात्याने येतो, म्हणून तो आपल्या पतीसाठी आणि मुलांसाठी विचारात घ्यावा लागेल, आपल्यासाठी नव्हे. आपल्याबाबत आपल्या आईवडिलांची आणि भावंडांची माहिती महत्त्वाची आहे.

उपचार साधे आहेत. काही आठवडे जड ओझे टाळणे, ओटी भरू न देता वारंवार रिकामी करणे, गाठोडे दोघींनी मिळून उचलणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी घेणे, एवढ्याने बहुतेकांना काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत आराम पडतो. दुकानातून स्वतःच्या मनाने सुजेच्या गोळ्या आणून रोज घेऊ नका, कारण त्यांचा त्रास पोटाला आणि मूत्रपिंडाला होतो. छाती दाबून ‘हाड बसवून’ घेऊ नका. येथे सरकलेले असे काहीच नसते. दुखणे डाव्या बाजूला आहे, तेव्हा पुढच्या भेटीत स्तनांचीही तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : वय ५२, जिल्हा वाशीम. दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. पथ्य आणि चालणे सुरू केल्यावर वजन बरेच उतरले. आता आंघोळ करताना छातीच्या हाडाखाली, पोटाच्या सुरुवातीला एक कडक गाठ लागते. गावात एकाने कर्करोगाची शंका बोलून दाखवली, तेव्हापासून झोप उडाली आहे.

उत्तर : ही गाठ बहुतेक आपल्यासोबत जन्मापासूनच आहे. उरोस्थीचे खालचे टोक तरुणपणी कूर्चेचे असते आणि साधारण चाळिशीपर्यंत त्याचे हाड बनते. कोणाचे टोक आत वळलेले, कोणाचे पुढे आलेले, तर कोणाचे दुभंगलेले असते, आणि ही सर्व रूपे निरोगीच आहेत. पोटावरची चरबी कमी झाली की ते प्रथमच हाताला लागते. डॉक्टरांकडून एकदा हात लावून खात्री करून घ्या, म्हणजे मन शांत होईल.

गाठ मऊ असेल आणि खोकल्यावर फुगत असेल, तर तो हर्निया असू शकतो. उरोस्थीवर हळूहळू वाढणारी, फारशी न दुखणारी सूज येऊन ती फुटली आणि पाणी किंवा पू वाहू लागला, तर क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. या हाडाचा क्षयरोग विरळा असला, तरी आपल्या भागात तो विसरून चालणार नाही. त्यासाठी त्या पुवाची तपासणी होते आणि सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. पथ्याशिवाय वजन घटणे, रात्री झोपू न देणारी हाडातली वेदना आणि वाढता अशक्तपणा असल्यास मात्र वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जावे, कारण रक्ताचे काही कर्करोग आणि स्तन, फुप्फुस किंवा थायरॉइडचे कर्करोग या हाडात उतरू शकतात. आपल्या पत्रात यातले काहीही नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६१, मधुमेह आहे) पाच आठवड्यांपूर्वी बायपास झाली. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. घरी बसवत नाही म्हणून ते शेतात जायचे म्हणतात. खोकताना छातीच्या हाडात ‘टक्’ असा आवाज होतो, असेही ते सांगतात. हाड जुळायला किती दिवस लागतात? आतल्या तारा केव्हा काढतात?

उत्तर : या शस्त्रक्रियेत हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी उरोस्थी वरपासून खालपर्यंत उभी कापली जाते आणि शेवटी दोन्ही अर्धे भाग स्टेनलेस स्टीलच्या तारांनी घट्ट बांधले जातात. तारा आयुष्यभर आत राहतात. त्रास नसेल तर त्या काढायच्या नसतात. हाड सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी जुळते, पण त्याला पूर्ण बळकटी येण्यास तीन महिने लागतात. त्वचेची जखम वरून सुकलेली दिसते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते, आतले हाड मात्र तोवर कच्चे असते. कष्टाची सवय असलेल्या आपल्या शेतकऱ्यांच्या बाबतीत हीच वेळ सर्वांत जोखमीची असते.

आवाजाविषयी दिरंगाई करू नका. खोकताना छातीवर तळहात ठेवून हाडाचे दोन भाग हलल्यासारखे जाणवत असतील किंवा आवाजाबरोबर कळ येत असेल, तर बांधणी सैल झाल्याची शक्यता आहे आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच एक-दोन दिवसांत दाखवले पाहिजे. जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली वाढणे, ताप भरणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी निघा. या हाडाचा जंतुसंसर्ग आत हृदयाभोवती पसरू शकतो, आणि मधुमेहात त्याचा धोका अधिक असतो. म्हणून साखर ताब्यात ठेवणे हा जखमेच्या उपचाराचाच भाग समजा. खर्रा किंवा बिडी चालू असेल तर ती कायमची बंद झाली पाहिजे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जुळणाऱ्या हाडाला रक्त कमी मिळते.

तीन महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याची भरलेली बादली, फवारणीचा पंप, खताचे किंवा सोयाबीनचे पोते यांना हात लावू देऊ नका. सुरुवातीला दोन-तीन किलोच्या वर काहीच नको. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवणे, बैल ओढून धरणे, हातपंप मारणे हेही तोवर नाही. खाटेवरून उठताना हातांवर जोर न देता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे आणि मग उठावे. त्यांना बगलेत हात घालून कोणी ओढू नये. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. मात्र हात अजिबात न हलवता बसून राहणेही चुकीचे आहे, कारण त्याने खांदे आखडतात. कोपर अंगाजवळ ठेवून जेवण, आंघोळ, कपडे घालणे ही कामे त्यांनी स्वतः करावीत आणि रोज सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर चालावे. शेत पाहण्यासाठी धुऱ्यापर्यंत हळूहळू चालत जाण्यास माझी हरकत नाही. त्यांचे मन तेथे आहे, आणि ते जपणेही आवश्यक आहे.

प्रश्न : ट्रॅक्टर खड्ड्यात गेल्याने स्टिअरिंगचा मार छातीला बसला. एक्स-रेमध्ये मधल्या हाडाला चीर दिसली. प्लास्टर का घातले नाही?

उत्तर : या हाडाला प्लास्टर घालता येत नाही आणि दोन्ही भाग जागेवर असतील तर त्याची गरजही नसते, श्वासाबरोबर छाती हलत असतानाच ते दोन-तीन महिन्यांत जुळते. अशा मारात मागच्या हृदयाला आणि फुप्फुसांना इजा झाली नाही ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे असते. ईसीजी झाला नसेल तर तो आता तरी करून घ्या. दुखते म्हणून उथळ श्वास घेत राहिल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा गोळी घेऊन दर तासाला दहा दीर्घ श्वास घ्यावेत.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याच्या छातीच्या मध्यभागी खड्डा आहे आणि वर्षभरात तो वाढला आहे. तो विहिरीवर पोहायला जात नाही, कबड्डीत सदरा काढत नाही. लहानपणी खाणे कमी पडले म्हणून असे झाले का?

उत्तर : नाही, ताई. यात आपल्या हातून काहीही कमी झालेले नाही. बरगड्यांच्या कूर्चा नीट न वाढल्याने उरोस्थी आत ओढली जाते आणि हा खड्डा तयार होतो. साधारण तीनशे ते चारशे जन्मांत एका बाळात तो असतो, मुलांत मुलींपेक्षा जास्त आढळतो, आणि उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात खोल होतो. धाप लागते का, छातीत धडधडते का हे पाहावे आणि हृदयाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी. मुलगा फार उंच, हातापायांची बोटे खूप लांब आणि दृष्टी अधू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सौम्य खड्ड्याला उपचार लागत नाही. खोल असेल तर अमेरिकेतील शल्यचिकित्सक डोनाल्ड नस यांनी १९८७ पासून वापरात आणलेल्या पद्धतीने हाडामागे धातूची पट्टी बसवतात आणि ती दोन-तीन वर्षांनी काढतात. व्यायामाने खड्डा भरत नाही, पण पाठ ताठ होते आणि दम वाढतो, म्हणून त्याचे खेळणे थांबवू नका. त्याच्या मनातला संकोच खरा आहे. त्याची घरात थट्टा होऊ देऊ नये.

लहान बाळ असलेल्या घरांसाठी येथेच एक सूचना द्यावीशी वाटते. कायमचा खड्डा वेगळा आणि आजारपणात श्वास घेताना बाळाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे वेगळे. दुसरे लक्षण न्यूमोनियाचे आहे. शांत असलेल्या बाळाचे श्वास मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक भरले, तर लगेच दवाखाना गाठावा. तापलेल्या लोखंडाचे चटके, ज्याला मेळघाटात डंबा म्हणतात, बाळाला कधीही देऊ नयेत.

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे, अहवालात एसएस लिहिले आहे. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. मागच्या पावसाळ्यात धान रोवणीत भिजल्यावर तिचे छातीचे मधले हाड आणि बरगड्या भयंकर दुखल्या, मग ताप आला आणि रुग्णालयात ठेवावे लागले. पुन्हा असे झाले तर काय करावे?

उत्तर : एसएस म्हणजे सिकलसेलचा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असणे. उरोस्थीत आयुष्यभर रक्त तयार करणारा तांबडा मगज असतो. विळ्याच्या आकाराच्या पेशी तेथल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडाचा तेवढा भाग रक्ताविना राहतो आणि असह्य वेदना होते. थंडी, पावसात भिजणे, कमी पाणी पिणे, अतिश्रम आणि ताप ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. येथे वेदना झाली की मुलगी श्वास उथळ घेऊ लागते, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही आणि तेथेच जिवावर बेतणारी गुंतागुंत सुरू होऊ शकते. म्हणून छातीच्या दुखण्याबरोबर ताप, खोकला किंवा धाप यांतले एकही लक्षण दिसले, तर घरी एक रात्रसुद्धा काढू नका. रुग्णालयात पोहोचताच ‘सिकलसेल एसएस आहे’ हे पहिले वाक्य असू द्या आणि ऑक्सिजनचे प्रमाण मोजायला सांगा. एकाच जागी सूज, लाली आणि ताप टिकून असेल, तर हाडातला जंतुसंसर्गही तपासावा लागतो.

एरवी हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे औषध सुरू असेल तर ते एकही दिवस न चुकवता आणि ठरलेल्या रक्ततपासण्या करत घ्यावे. अशी दुखणी त्याने कमी होतात. रोवणीच्या दिवसांत तिला बांधीतल्या पाण्यात उतरवू नका, घरातले काम द्या. दुखणे नुसते हाडाचे आणि सौम्य असेल, तेव्हा भरपूर पाणी, ऊब, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आणि दर तासाला दीर्घ श्वास हा क्रम पाळावा. घरातल्या इतर मुलांची तपासणी झाली नसेल तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे, आणि भावंडांपैकी कोणी वाहक (म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेला) निघाल्यास लग्न ठरवण्यापूर्वी जोडीदाराचीही तपासणी करता येईल.