१२८ जीबी घ्यावा की २५६, आणि ७००० ची बॅटरी खरंच लागते का?

तुम्ही विचारलंय की बजेट सतरा-अठरा हजार आहे, एका फोनात १२८ जीबी स्टोरेज आणि ७००० एमएएचची बॅटरी, दुसऱ्यात २५६ जीबी आणि ५००० एमएएच, तर कुठला घ्यावा, आणि दुकानात येणारी माणसं नेमकं काय बघून फोन घेतात. मी बेळगावात मोबाईलच्या दुकानात काउंटरला असतो, मागं रिपेअरिंगचं टेबल पण आमचंच, त्यामुळं घेताना माणूस काय मागतोय ते पण ऐकतो आणि तोच माणूस दोन-तीन वर्षांनी काय रडगाणं घेऊन येतोय ते पण. माझं सरळ मत, २५६ वाला घ्या. बॅटरी नंतर बदलून मिळते, स्टोरेजची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती वाढवून द्या म्हणून कुणी कितीबी गयावया केली तरी आम्ही काय करणार.

पण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते बॅटरीचंच. "दादा, चार्जिंग किती टिकतंय?" खडेबाजारातला कापडवाला असू दे नाहीतर निपाणीकडचा शेतकरी, पहिला प्रश्न हाच. आणि त्यात चूक काय नाही. पंपाला थ्री फेज रात्रीचं येतंय, माणूस शेतात बसून असतो, टॉर्च पण तोच, रेडिओ पण तोच, घरी फोन लावायला पण तोच. असल्या माणसाला मी स्वतःच सांगतो, काका, ७००० वालाच न्या.

बाकीच्यांची गोष्ट वेगळी. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या रस्त्यानं गोव्याला जाणारी पोरं येऊन सांगतात की बॅटरी खराब आहे, घाटात बघता बघता उतरली. बॅटरी ठणठणीत असते ओ. रेंज कमी असली की फोन लांबच्या टॉवरला धरून ठेवायला जास्त ताकद लावतो आणि रेंज गेली की सारखा शोधत बसतो, वर मॅप चालू, स्क्रीन फुल ब्राईट, उन्हात बाईकच्या होल्डरवर तापलेला. तिथं ७००० काय आणि ९००० काय. घाट लागायच्या आधी मॅप ऑफलाईन डाउनलोड करून फोन एअरप्लेन मोडवर टाका, जीपीएसला सिमची रेंज लागत नाही, रस्ता दिसतोय व्यवस्थित.

आता हे ७००० एमएएच एवढ्या पातळ फोनात बसलं कसं, हा प्रश्न बरीच जण विचारतात. जुन्या लिथियम बॅटरीत एका बाजूला ग्राफाईट असतं, नवीन सिलिकॉन-कार्बनवाल्यात त्यात सिलिकॉन मिसळतात, आणि सिलिकॉन वजनाच्या मानानं ग्राफाईटपेक्षा कितीतरी पट जास्त लिथियम धरतं. अडचण एकच, चार्ज होताना सिलिकॉन फुगतं, म्हणून ते कार्बनच्या जाळीत बसवावं लागतं. टेक्नॉलॉजी चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. मोठ्या बॅटरीचा अजून एक फायदा म्हणजे रोज पूर्ण रिकामी होत नाही, त्यामुळं चार्जिंगच्या सायकल (एकदा पूर्ण रिकामी होऊन भरली की एक सायकल) कमी होतात. युरोपात जून २०२५ पासून नियम आहे की ८०० सायकल झाल्या तरी बॅटरीत निदान ८० टक्के दम उरला पाहिजे. रोज ० ते १०० करणाऱ्याच्या ८०० सायकल सव्वादोन वर्षांत होतात, दोन दिवसातनं एकदा करणाऱ्याला दुप्पट वेळ लागतो, एवढा साधा हिशोब आहे. पण बॅटरी उतरलीच तर सर्व्हिस सेंटरला दीड-दोन हजाराच्या आसपास नवीन बसते. फुटपाथवरची कॉपी बॅटरी तेवढी घालू नका, फुगली की स्क्रीन वर उचलते आणि मग खर्च कुठल्या कुठं जातो.

स्टोरेजचं मात्र घेताना कुणाच्या डोक्यात नसतं. १२८ म्हणजे भरपूर वाटतं. फोनमध्ये दिसतात ११९ च्या आसपास, कारण कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि सॉफ्टवेअर बऱ्याचदा १०२४ च्या, त्यातनं अँड्रॉइड आणि कंपनीचे फालतू ॲप पंधरा-वीस जीबी तर खातातच. वर "८ जीबी रॅम अधिक ८ जीबी" असं जे बॉक्सवर छापतात ती दुसरी ८ जीबी तुमच्याच स्टोरेजमधनं काढलेली असते. आणि मग येते शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. रात्रभर पोरं शूटिंग करतात, ते पण ४के मध्ये, म्हणजे एकदम बारीक, जड व्हिडिओ. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलंय, ४के ला सेकंदाला ३० फ्रेम ठेवल्या तर मिनिटाला १७० एमबी, म्हणजे तासाला दहा जीबी, आणि तेच साध्या १०८० एचडीला ६० एमबी. अँड्रॉइडला थोडं इकडं तिकडं. दुसऱ्या दिवशी दुकानात रांग, "फोन हँग व्हायलाय ओ". हँग नाही, भरलाय. फोनच्या स्टोरेजच्या चिपला (फ्लॅश मेमरी) नवीन लिहायच्या आधी जुनं पुसून जागा मोकळी करावी लागते, ९०-९५ टक्के भरला की ती जागाच उरत नाही आणि सगळं रखडतं. गूगलवर टाकतो म्हणाल तर फुकट १५ जीबीच, त्यात आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप पण मोजतात, नात्यातल्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ धरून.

मेमरी कार्डचा स्लॉट असलेला घ्यावा का, हे पण तुम्ही विचारलंय. स्पीडसाठी नको, कार्ड हळू असतं आणि ॲप तिथनं नीट चालत नाहीत. पण एका कारणासाठी मला स्लॉट आवडतो. मागच्या पावसाळ्यात वडगावच्या एक मावशी बंद पडलेला फोन घेऊन आल्या, पाणी जाऊन बोर्ड गेला होता, आत नातवाच्या बारशाचे फोटो. मावशी म्हणाल्या, "चिप काढून दुसऱ्या फोनात घाल की बाळ." पूर्वी तसं कधी कधी जमायचं. आता सगळा डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली, चिप दुसरीकडं घातली तरी नुसता कचरा दिसतो. ते फोटो कार्डावर असते तर पाच मिनिटात काढून दिले असते. तर स्लॉट असेल तर चांगलंच, फोटो त्याच्यावर टाका, पण कार्ड पक्क्या दुकानातनंच घ्या, ५१२ जीबी तीनशे रुपयात कुणी देत असेल तर ते आतनं ३२ पण नसतं.

फास्ट चार्जिंगवर जास्त जाऊ नका. ८० वॅट लिहिलं तरी तो वेग सुरुवातीला असतो, ८० टक्क्याच्या पुढं सगळेच हळू होतात, आणि दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला की बऱ्याचदा निम्मा पण वेग मिळत नाही. बॉक्समध्ये चार्जर येतोय का तेवढं आधी बघा.

आणि २५६ घेताना नुसता आकडा बघू नका, स्टोरेज कुठल्या जातीचं ते विचारा. ईएमएमसी म्हणजे जुनी, हळू जात असेल तर सोडून द्या, ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं, दोन्ही एकदम नाही, वर्षभरात ॲप उघडायला जांभया द्यायला लागतं. त्याच्यापेक्षा वेगवान जात यूएफएस, त्यातलं २.२ तुमच्या बजेटमध्ये मिळतं, ३.१ मिळालं तर अजून बरं. काउंटरवरच्या पोराला विचारा, आणि त्यानं उत्तर द्यायचं सोडून कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगायला सुरुवात केली तर ईएमएमसीच आहे असं समजून पुढचा फोन दाखव म्हणा.