शेवटच्या आजारातही ख्रिस्ती माणसं समाधानी कशी राहतात? रोजच्या जगण्यात ते समाधान येतं कुठून?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या ख्रिस्ती काकूंना शेवटच्या दिवसांत तुम्ही एकदाही रडताना पाहिलं नाही, आणि त्यांच्या दफनविधीला घरच्यांनी गीतं म्हटली. त्यावरून तुम्ही विचारताय की या लोकांना दुःख होतच नाही का, आणि नसेल होत तर हे शिकायचं कसं.

दुःख होतं. काकू तुमच्यासमोर रडल्या नाहीत, एवढंच तुम्हाला माहीत आहे. आणि ज्या घरात रडू दिलं जात नाही तिथे समाधान नसतं, धाक असतो. माझ्या आईच्या आजारपणात मी दोन्ही जवळून पाहिलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही नगरचे, रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर म्हणत वाढलेलो. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. बाबा लवकर गेले आणि तिच्या पगारात आम्ही भावंडं शिकलो. तुमच्या प्रश्नातल्या 'रोजच्या जगण्या'चं उत्तर माझ्याकडे तिच्या रात्रीच्या प्रार्थनेइतकंच आहे. जेवणं झाली की शास्त्रपाठ, मग एक गीत, मग ती देवाला दिवस सांगायची. सिलिंडर आलं, धाकट्याचा ताप उतरला, उपकार. पगार अजून झालेला नाही, बघ बाबा. आभार आणि तक्रार एकाच श्वासात, एकाच आवाजात. पगार फारच थकला की दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात जाऊन भांडायचीही. समाधानी बाई होती म्हणून कुणी तिला गृहीत धरलं नाही.

हे मुद्दाम सांगतेय, कारण 'समाधानी राहा' हे वाक्य आपल्याकडे गप्प बसवण्यासाठी फार वापरलं जातं. बायबलातल्या फिलिप्पैच्या पत्रात येशूचा प्रेषित पौल लिहितो की मी कुठल्याही परिस्थितीत संतुष्ट राहायला शिकलो आहे. तो हे कैदेतून लिहितो, म्हणून ते वजनदार. पण हाच पौल फटके मारायला बांधल्यावर 'मी रोमी नागरिक आहे' असं ठणकावून सांगतो आणि पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे दाद मागतो. त्याच फिलिप्पैच्या पत्रात आपला सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला त्याबद्दल तो म्हणतो, देवाने माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. संतुष्ट माणसाचं हे लिहिणं आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संतुष्ट राहण्याचा तो चौथा अध्याय पाठ असतो, दुसऱ्यातली ही ओळ कुणाला आठवत नाही.

आईला ओव्हरीचा कॅन्सर निघाला तेव्हा तो पोटभर पसरला होता. औषधोपचार झाले, थकले. मग डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू करायच्या ठरवल्या आणि आमच्या घरात वाद पेटला. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, मंडळीतला मोठा माणूस. त्यांचं म्हणणं असं की विश्वासणाऱ्याने शुद्धीत, साक्ष देत, म्हणजे आपला विश्वास लोकांना दाखवत प्रभूकडे जावं, नशेत नाही. त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायाचा दाखला काढला: वधस्तंभावर देताना ख्रिस्तासमोर गंधरस मिसळलेला, त्यांच्या मते वेदना बधिर करणारा, द्राक्षारस धरला आणि त्याने तो घेतला नाही.

आई उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "दादा, मी जन्मभर लोकांचं दुखणं थांबवायला सुया टोचल्या. तेव्हा तू एकदाही म्हणाला नाहीस की ते विश्वासात कमी पडले." आणि माझ्याकडे हात केला, गोळी दे म्हणून.

तेव्हा मी मामांपुढे बोलले नाही, आता बोलते. ख्रिस्ताने तो पेला नाकारला तो आपल्यासाठी. त्याने सोसलं ते एकदाच आणि पुरेसं, हाच तर आपला सगळा विश्वास आहे. मग माझ्या आईकडून ते पुन्हा सोसून घेण्यात कसली साक्ष? मरणपंथाला लागलेल्याला मद्य द्या, असं बायबलातल्याच नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. आणि पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र घ्या. आपला प्रयाणकाळ जवळ आला आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो लिहितो की त्रोवस गावात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, हिवाळ्याच्या आधी ये. थंडी वाजत होती, म्हणून त्याने झगा मागितला. याला कुणी अविश्वास म्हणतं का?

मरणाऱ्यांचं दुखणं घड्याळ लावून थांबवायचं, ही पद्धत ज्यांनी रुजवली त्या सिसिली सॉन्डर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आधी नर्स, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांची शुश्रूषा करणारं ठिकाण, सुरू केलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, बांद्र्याचं शांती अवेदना, 1986 मध्ये निघालं तेही ख्रिस्ती लोकांनीच काढलं. आपल्याकडे मॉर्फिन दुर्मिळ झालं ते 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे. 2014 च्या दुरुस्तीने ते पुष्कळ सोपं केलं. बायबल या वाटेत कधीच आडवं आलेलं नाही. आडवी येतात ती माणसं.

गोळ्या सुरू झाल्यावर काय झालं तेही ऐका. दर चार तासांनी गजर, स्टीलच्या वाटीत गोळी, दोन घोट पाणी, सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. पहिले एकदोन दिवस ती खूप झोपली. मग उठून बसली. दुखत असताना तिला 'हे प्रभू' याच्या पुढे प्रार्थना जात नव्हती. दुखणं उतरलं तेव्हा ती पुन्हा पूर्ण वाक्यांत प्रार्थना करू लागली. पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रभूभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, दिलं ते तिने स्वतःच्या हाताने घेतलं. कुठली साडी कुणाला ते सांगितलं. जिच्याशी वर्षानुवर्षं अबोला होता त्या जावेला बोलावून घेतलं. मामांना हवी होती ती साक्ष त्या गोळीमुळेच झाली, हे त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही.

ती रडायचीही. एका रात्री मी बायबलातलं तेविसावं, दिलाशाचं स्तोत्र वाचायला घेतलं तर म्हणाली, ते नको, अठ्ठ्याऐंशीवं वाच. ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात दिलासा म्हणून एक ओळ सापडत नाही. मामा शेजारी होते, म्हणाले काहीतरी आनंदाचं वाच. आईने डोळे न उघडता सांगितलं, "हेही त्याचंच पुस्तक आहे." मी सगळं वाचलं. नंतर तिने स्वतःच तेविसावं मागितलं, आणि 'मृत्युच्छायेच्या दरीतून' इथे आल्यावर माझ्याबरोबर म्हणू लागली.

तुम्ही जे पाहिलंत आणि ज्याला समाधान म्हणताय ते माझ्या समजुतीने हेच. 1563 साली जर्मनीत हायडेलबर्गला एक प्रश्नोत्तरावली लिहिली गेली. तिचा पहिलाच प्रश्न असा की जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? उत्तराचा आशय असा की मी माझा नाही. शरीराने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या तारणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. त्यात शांत दिसण्याची अट नाही, न घाबरण्याचीही नाही. आईच्या रात्रीच्या प्रार्थनेत जे होतं ते हेच: ज्याच्या आपण आहोत त्याच्याशी लपवाछपवी करायची गरज नाही. पगार थकल्याचंही त्यालाच सांगायचं आणि पोट दुखतंय हेही. हे आजारपणात अचानक येत नाही. साध्या दिवसांत रोज केलं तर त्या दिवसांत हाताशी असतं.

दफनविधीला आम्हीही गीतं म्हटली. पुनरुत्थानाची आशा खरी आहे म्हणून म्हटली. माझी धाकटी बहीण कबरीपाशी मोठ्याने रडली तेव्हा मामांनी तिला दटावलं, लोक बघतायत, साक्ष बिघडते. थेस्सलनीकाकरांस पत्रात आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका असं आहे, ते त्यांनी ऐकवलं. खेदच करू नका, असं पौल कुठेही म्हणत नाही.

काही गोष्टी राहिल्या. मी नगरच्या प्रॉटेस्टंट घरातली आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात शेवटचं तेलाभ्यंगन, मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असं बरंच असतं, त्याबद्दल त्यांच्यातल्या कुणी लिहावं. मॉर्फिनचा डोस डॉक्टरच ठरवतात, आपल्या मनाने वाढवायचा किंवा एकदम बंद करायचा नाही. आणि काही अत्यंत विश्वासू माणसं शेवटी घाबरून, गोंधळून जातात. तो आजार असतो, त्यावरून त्यांचा विश्वास मोजू नका. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर यातलं किती तुमच्या उपयोगाचं, हे तुम्हीच ठरवायचं. ख्रिस्ताला वगळून हे समाधान जसंच्या तसं उचलता येईल असं मला वाटत नाही.

शेजारच्या घरी भेटायला जाल तेव्हा मात्र 'तुम्ही लोक किती शांत' असं म्हणू नका. जेवणाचा डबा न्या, काकूंबद्दल विचारा, मुलीला बोलू द्या, रडू द्या. तिथे कुणी तिला गप्प करू लागलं तर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय त्यांच्यापुढे ठेवा. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण थोड्याच वेळात कबरीतून उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी त्या कबरीकडे जाताना तो रडला.