लेकरू बसंना गेलंय

“म्याडम, लेकरू आठ महिन्यांचं झालं, अजून बसंना गेलंय. जावंचं तर सहाव्यातच बसलं होतं,” आई दबक्या आवाजात बोलली. शेजारी सासूबाई. त्यांनी निदान आधीच करून ठेवलेलं. “पाठीत दमच नाही त्याच्या. हिचं दूध पातळ.”

परभणी जिल्ह्यातल्या एका गावी अंगणवाडीत मी महिन्यातून एकदा जाते. हा प्रश्न दर खेपेला येतो, आणि बहुतेकदा त्याच्या आड कुणाची तरी जाऊ असते.

दुधाचा विषय तिथंच मिटवला. बाळाचं वजन चांगलं होतं. मग जन्माचं विचारलं. बाळंतपण महिनाभर आधी झालेलं. म्हणजे हिशेब सात महिन्यांचा धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या निरीक्षणावरून सांगितलं, की आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिन्यांत कधीही येतं. जावेचं लेकरू वेळेवर, हेही वेळेवर.

पण लेकराला खाली ठेवल्याशिवाय नुसत्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. गोधडी अंथरली. बाळाला बसवलं. पाठीची कमान, दोन्ही तळहात पुढं टेकलेले, बेडकासारखं. मान स्थिर, मुठी उघड्या, दोन्ही पाय सारखे हलत होते. खुळखुळा हळूच उजवीकडं नेला. मान वळली, मागोमाग धड कललं, उजवा हात बाजूला निघाला खरा, पण अर्ध्यातच राहिला. बाळ आडवं होतंय तोच सासूबाईंनी झडप घालून उचललं.

“मावशी, घरी पण असंच उचलता?”

“मग काय पडू द्यायचं व्हय?”

दिवसभर बाळ झोळीत, कडेवर, नाहीतर वॉकरमध्ये. त्यालाच आता सगळे पांगुळगाडा म्हणतात. आपला लाकडी तीनचाकी पांगुळगाडा निराळा. तो पोर स्वतः उभं राहून ढकलायचं. या गोल वॉकरात ते नुसतं टांगलेलं असतं. चालणं त्यानं लवकर येत नाही, उलट उंबऱ्यावरून कलंडून डोकं फुटण्याची भीती.

“मावशी, पहिल्यांदा डोक्यावर घागर घेतली तेव्हा हिंदकळली नव्हती का?”

त्या हसल्या. “पदर भिजायचा की समदा.”

बाळाला तर स्वतःचं डोकंच घागरीसारखं. जन्मताना ते अंगाच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं. ते पेलण्याची ताकद आधी मानेत येते, मग पाठीत, मग कमरेत उतरते. डोळे, कानाच्या आतला तोल राखणारा भाग आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर यांचा मेळ मेंदू घालतो. किती कललो, सावरायला किती जोर लावायचा, हे त्याला कलूनच कळतं. हात टेकवून पडता पडता सावरणं आधी पुढच्या बाजूला जमतं, मग बाजूला, सगळ्यात शेवटी मागं.

तेव्हा वॉकर बंद. बाळ जागं असताना, कुणीतरी जवळ बसून, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं. बसवताना काखेत नाही, कमरेला धरायचं. वाटी-चमचा समोर न देता जरा बाजूला ठेवायचा. आणि आईला वेगळं सांगितलं: आधी जन्मल्याचा महिना वजा करूनही नऊ महिने उलटले तरी बसलं नाही, एकच हात वापरतंय, अंग ताठ किंवा अगदी ढिलं वाटतंय, किंवा येत असलेलं काही बंद झालं, तर वाट बघायची नाही. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठायचं, तिथं लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात.

पुढच्या महिन्यात सासूबाईच बाळाला घेऊन आल्या. गोधडीवर बसवलं, चमचा डावीकडं ठेवला. बाळ झुकलं, डावा हात टेकला, क्षणभर थरथरलं, आणि चमचा घेऊन परत सरळ झालं.

“पर मागं धाडकन् पडतंय बघा.”

“ते उशिरा येतं, मावशी. तोवर मागं गोधडीची घडी ठेवा.”

“घडी कशाला,” त्या बाळामागं मांडी घालत म्हणाल्या, “मी हाय की.”