‘माले जमाव नही’: अकरावी सायन्सचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: पोराला सायन्स झेपेल का?

मुलीला दहावीत ६३ टक्के. सर म्हणतात, ‘आर्ट्‌सला टाका.’ तिला इंजिनिअर व्हायचंय. (पालक, धरणगाव)

टक्के बाजूला ठेवा, गणिताचे गुण बघा. बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे पेपर. पोरगी घसरली कुठे? प्रमेयं विसरून भूमितीत गुण गेले असतील तर घाबरू नका. अपूर्णांक, घातांक, वर्गसमीकरणं अडत असतील, तर मात्र अकरावीचं गणित पहिल्या महिन्यातच अंगावर येतं. कॉलेज सुरू होईपर्यंत रोज तासभर नववी-दहावीचं बीजगणितच करून घ्या, अकरावीचं पुस्तक उघडूही नका. माझ्या वर्गात दहावीला जेमतेम असलेली पोरं टिकली ती याच उजळणीवर; नव्वदवाली काही पहिल्या चाचणीत ‘माले जमाव नही’ म्हणत रडली.

आणि पॉलिटेक्निक आहेच. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आपल्याकडे याला उगाच दुय्यम समजतात.

आश्रमशाळेतली आमची मुलं घरी पावरी बोलतात, शाळेत मराठी. अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, आणि हुशार मुलंही दिवाळीपर्यंत गप्प होतात. (शिक्षक, धडगाव)

त्यांना वेग आणि बल माहीत असतं. ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘फोर्स’ म्हणजे तेच, हे कुणी सांगितलेलं नसतं. धडा सुरू करण्याआधी त्यातले पंधरा शब्द फळ्यावर लिहा, इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी. मग एकाने दुसऱ्याला पावरीत समजावायचं, वहीत इंग्रजीत लिहायचं. वेळ जातो, जाऊ द्या.

मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई मेन या प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येतात, सोबत इंग्रजी मजकूर असतो. राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, एमएचटी-सीईटीचं, गणित मात्र इंग्रजीतच, म्हणून शब्दांची सुरुवात गणितापासून करा.

मुलाला डिस्लेक्सिया आहे. कॉलेजवाले म्हणतात, सायन्स नको. (आई, अमळनेर)

कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता येते. परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण त्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि लोक नेमकं बारावीचा फॉर्म भरताना धावपळ करतात. अकरावीच्या प्रवेशाबरोबरच त्या कामाला लागा.

क्लासला पैसे नाहीत. सीईटी जमेल? (विद्यार्थी, शिरपूर)

जमेल. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर, ८० टक्के बारावीवर, सगळे बोर्डाच्याच अभ्यासक्रमातले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.