वाचकांची प्रश्नोत्तरे : आधी दोर, मग बॉयलर

प्रश्न : मी कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर असून गेली चार वर्षे घरातील एका खोलीत १:४८ या प्रमाणात अमेरिकेतील जंगल-रेल्वेची प्रतिकृती उभारत आहे. रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर आहे. तयार संच न घेता प्रत्येक भाग स्वतः घडवण्याचा नेम मी आजवर पाळला आहे. सध्या ओंडके ओढणारे वाफेचे डाँकी इंजिन करायला घेतले आहे. ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपपासून उभा बॉयलर तयार केला, तो चांगला उतरला. पण त्यापुढे काम अडले आहे. ड्रम किती असावेत? दोर कशाचा करावा, आणि मिरजेत मिळणारी सतारीची तार त्यासाठी चालेल का? ओंडक्यांसाठी आमच्या बागेतील जुन्या द्राक्षवेलींचे लाकूड वापरण्याचा विचार आहे, तो योग्य ठरेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आपला बॉयलर मापात उतरला आहे. ३२ मिलिमीटर हा त्या पाइपचा बाहेरचा व्यास असतो आणि आपल्या प्रमाणात तो पाच फुटांहून अगदी किंचित जास्त भरतो. रूळही योग्य आहेत. १:४८ मध्ये १६.५ मिलिमीटर म्हणजे जवळपास अडीच फूट, आणि मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाईट रेल्वे ज्यांना आठवते, त्यांच्या डोळ्यांना हे माप ओळखीचे आहे. काम अडले ते, माझ्या मते, आपण बॉयलरपासून सुरुवात केली म्हणून. डाँकी इंजिन हे दोर ओढण्याचे यंत्र आहे, आणि दोर कोठून येतो व कोठे जातो हे ठरल्याशिवाय त्याच्या एकाही भागाची जागा निश्चित होत नाही. म्हणून बॉयलर काही दिवस बाजूला ठेवावा आणि कागदावर केवळ ओढीचा मार्ग काढावा : ओंडका, दोर, कप्पी, ड्रम, मोठे दंतचक्र, लहान दंतचक्र, क्रँक, दट्ट्या आणि सर्वांत शेवटी वाफ.

त्याआधी आपली प्रतिकृती कोणत्या काळातील आहे हे ठरवावे लागेल, कारण ड्रमांची संख्या त्यावरच अवलंबून आहे. कॅलिफोर्नियातील युरेका येथील जॉन डॉल्बीअर यांनी १८८१ मध्ये पहिले डाँकी इंजिन तयार केले आणि १८८२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या यंत्रावर दोर साठवणारा ड्रम नव्हता. फिरकीवर जाड मनिला दोराचे काही वेढे घेत, एक माणूस सुटणारे टोक सांभाळी, आणि ओंडका आला की दोराचे टोक पुन्हा जंगलात नेण्यासाठी घोडा लागत असे. हा काळ निवडल्यास फिरकी, घोडा आणि जमिनीवर पडलेले दोराचे वेटोळे दाखवणे आवश्यक आहे. परंतु पाच फुटी बॉयलर त्या लहान यंत्राला फार मोठा होईल. आपल्या बॉयलरला पुढच्या काळातील दोन ड्रमांचे यंत्र शोभेल, जेव्हा पोलादी तारदोर आला होता आणि घोड्याचे काम दुसऱ्या ड्रमने घेतले होते.

या दोन ड्रमांचे नाते नीट समजून घेण्यासारखे आहे. पुढच्या मोठ्या ड्रमावर जाड मुख्य दोर असतो आणि तो ओंडका ओढून आणतो. दुसऱ्या ड्रमावरील बारीक परतीचा दोर बाजूने जंगलात जातो, तेथील टोकाच्या कप्पीला वळसा घालून मुख्य दोराच्या टोकाला येऊन मिळतो, आणि ओंडका सोडवल्यावर मुख्य दोर मागे खेचून नेतो. त्यामुळे परतीच्या दोराची लांबी मुख्य दोराच्या दुपटीच्या आसपास लागते. यातून निघणारी एक गोष्ट बहुतेक प्रतिकृतींमध्ये निसटते, माझ्याही पहिल्या प्रतिकृतीत निसटली होती : दोन्ही ड्रम एकाच वेळी गच्च भरलेले असू शकत नाहीत. ओंडका यंत्राजवळ पोहोचला असेल तर मुख्य ड्रम भरलेला आणि परतीचा ड्रम जवळजवळ रिकामा हवा. ओंडका दूर जंगलात असेल तर मुख्य ड्रम जवळजवळ रिकामा आणि परतीचा ड्रम सुमारे अर्धा भरलेला हवा. आपला ओंडका कोठे ठेवायचा ते आधी ठरवा आणि मगच ड्रमांवर दोर गुंडाळा.

सिलिंडर दोन, बैठकीच्या दोन्ही बाजूंना एकेक. मोठ्या यंत्रांचे माप ११ × १३ असे सांगत, म्हणजे सिलिंडरचा व्यास ११ इंच आणि दट्ट्याची धाव १३ इंच. आपल्या प्रमाणात हे ५.८ आणि ६.९ मिलिमीटर होते. क्रँकची खीळ केंद्रापासून धावेच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटरवर बसवावी. आपण फिटर आहात, म्हणून अधिक विस्तार करत नाही. फक्त डाव्या-उजव्या क्रँकमध्ये ९० अंशांचा फरक ठेवायला विसरू नये, कारण यंत्र कोणत्याही स्थितीतून सुरू व्हावे यासाठीच ती रचना होती. क्रँकच्या दांड्यावरील लहान दंतचक्र ड्रमाजवळचे मोठे दंतचक्र फिरवते. ड्रम त्या चक्राला कायमचा जोडलेला नसतो. तरफ ओढली की ड्रम सरकून चक्रावरील लाकडी ठोकळ्यांना घट्ट भिडतो आणि घर्षणाने फिरू लागतो. म्हणून ड्रम आणि चक्र यांच्यामध्ये बारीकशी फट दिसू द्यावी. दंतचक्रांसाठी बिघडलेल्या प्रिंटरमधील प्लॅस्टिकची जाड चक्रे मला घड्याळाच्या चक्रांपेक्षा चांगली वाटतात. घड्याळाची चक्रे पितळी आणि देखणी असली, तरी एवढा भार ओढणाऱ्या यंत्रासाठी फारच पातळ दिसतात.

आता दोर. सतारीची पोलादी तार ड्रमासाठी वापरू नये. ती स्प्रिंगसारखी उसळते, वेढे उलगडते आणि सैल दोराला जो नैसर्गिक झोळ पडतो तो तिला पडत नाही. बैठकीचे ओंडके आवळून धरणाऱ्या लोखंडी सळ्या आणि उंच खांबाचे ताण या सरळ राहणाऱ्या भागांसाठी मात्र तीच उत्तम आहे, तेव्हा मिरजेची फेरी वाया जाणार नाही. ड्रमासाठी पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या कोणत्याही दुकानातून तांब्याची तार आणावी. ३० नंबरच्या तीन तारा एकत्र करून हाताच्या ड्रिलने पिळल्यास सुमारे ०.६८ मिलिमीटरचा दोर मिळतो, जो खऱ्या सव्वा इंची मुख्य दोराच्या मापाशी जुळतो. परतीच्या पाऊण इंची दोरासाठी ३६ नंबरच्या तीन तारा घ्याव्यात. पिळल्यामुळे तारदोराचे पेड दिसतात, तांबे मऊ असल्याने झोळ हवा तसा राहतो, आणि काळ्या-तपकिरी रंगाचा पातळ हात दिल्यावर ते तांबे आहे हे कोणाला ओळखता येत नाही.

बैठक म्हणजे दोन अजस्र ओंडके, त्यांची टोके बोटीच्या नाळेसारखी वर तासलेली आणि मध्ये आडव्या तुळया. हे यंत्र स्वतःचाच दोर दूरच्या बुंध्याला बांधून, ड्रम फिरवून, स्वतःला जंगलातून ओढत नेत असे. म्हणूनच तासलेली टोके खरचटलेली आणि चिखलाने माखलेली असली पाहिजेत. ड्रम ओढीच्या दिशेला पुढे, बॉयलर मागे. आता आपला बॉयलर कोठे बसेल हे आपोआप ठरेल. त्यावर पत्र्यांचे जोड दाखवण्यासाठी जाड कागदाच्या पट्टीवर मागच्या बाजूने शाई संपलेल्या बॉलपेनने दीड-दीड मिलिमीटरवर टिंबे दाबावीत आणि ती पट्टी चिकटवावी. ठिबक सिंचनाच्या नळीचे तुकडे कोठेही वापरण्याचा मोह टाळावा, कारण तिच्या प्लॅस्टिकवर डिंकही धरत नाही आणि रंगही टिकत नाही.

द्राक्षाच्या लाकडाची आपली कल्पना मला फार आवडली. जुन्या वेलीच्या खोडाची साल लांब धाग्यांच्या पट्ट्यांनी सुटते आणि ती कॅलिफोर्नियाच्या रेडवूडच्या सालीशी विलक्षण मिळतीजुळती आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेडवूडची साल फूटभरापर्यंत जाड असल्याने ओंडके ओढण्यापूर्वी ती जागेवरच सोलून टाकत. म्हणून सालीसकट लाकूड उभ्या झाडांसाठी आणि बुंध्यांसाठी ठेवावे, ओढले जाणारे ओंडके सोललेले दाखवावेत आणि सोललेल्या सालीचा खच आसपास पडू द्यावा. ओंडक्याच्या पुढच्या टोकाची कड कुऱ्हाडीने गोलसर तासत, म्हणजे तो जमिनीत रुतत नसे. तेवढे काम चाकूच्या चार फटकाऱ्यांत होते. पंचवीस मिलिमीटर जाडीचा तुकडा आपल्या प्रमाणात चार फुटांचा होतो, आणि रेडवूडसाठी याहून जाड तुकडे निवडले तरी अतिशयोक्ती होणार नाही. लाकूड सावलीत पूर्ण वाळवून, किडा मरण्यासाठी ओव्हनमध्ये तासभर शंभर अंशांवर ठेवावे.

प्रश्न : जंगल-रेल्वेवर धावणाऱ्या वाफेच्या शे इंजिनाच्या छायाचित्रांत बॉयलर एका बाजूला सरकलेला दिसतो. प्रतिकृतीत तो मध्यभागी घेतला तर चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : चालणार नाही. एफ्राइम शे यांच्या १८८१ च्या पेटंटचे हे इंजिन ओहायोमधील लायमा येथील कारखान्यात तयार होत असे. त्याचे उभे सिलिंडर उजव्या बाजूला एकत्र असतात, आणि त्यांचे वजन तोलण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. सिलिंडरांची शक्ती उजव्या बाजूच्या लांब दांड्यातून कोनी दंतचक्रांमार्फत प्रत्येक चाकजोडीला पोहोचते, त्यामुळे सगळेच वजन ओढीच्या कामी येते आणि हे इंजिन तीव्र चढावर संथपणे का होईना, चढते. वळणावर हा दांडा लांब-आखूड व्हावा लागतो. प्रतिकृतीत त्यासाठी एका चौकोनी पितळी नळीत दुसरी सैल सरकती ठेवावी. डाव्या बाजूला यांत्रिक भाग जवळजवळ नसतातच, म्हणून इंजिनाची उजवी बाजू पाहणाऱ्याकडे राहील अशी रुळांची आखणी करावी.

प्रश्न : माझी मांडणी कोयना खोऱ्यात दाखवून त्यात डाँकी इंजिन ठेवावे असे मनात आहे. आपल्याकडे अशी जंगल-रेल्वे होती का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डाँकी इंजिन कोयनेच्या खोऱ्यात ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन; ते यंत्र ज्या झाडांसाठी जन्मले त्या झाडांमध्येच ते खरे वाटते. सह्याद्रीच्या रांगेतच राहायचे असेल तर दक्षिणेकडे, आजच्या केरळात, कोचीन संस्थानाची वन-ट्रामवे होती. चालकुडीपासून परंबिकुलमच्या जंगलापर्यंत सुमारे ८० किलोमीटर जाणारी ही ट्रामवे १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९६३ मध्ये बंद झाली. तिच्या तीव्र उतारांवर ओंडक्यांनी भरलेल्या वाघिणी खाली उतरताना, त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या रिकाम्या वाघिणी वर खेचल्या जात. वरच्या टोकाला फक्त ब्रेक लावण्याची सोय होती. म्हणजे येथे ओढीचा उगम ओंडक्याच्या वजनातच आहे, आणि मोटार न लावता ही प्रतिकृती खरोखर चालवता येते. एक वाघीण माथ्यावर असताना दुसरी पायथ्याशी असेल एवढाच दोर ठेवावा, उतरणाऱ्या वाघिणीत ओंडक्यांखाली शिशाचे तुकडे लपवावेत आणि माथ्यावरील चाकाला नमद्याची पट्टी ब्रेक म्हणून लावावी. चाकांच्या आसांना तेलाचा एखादा थेंब दिल्यावर किती शिसे पुरते ते तुकडा-तुकडा वाढवून पाहावे, कारण ते प्रत्येक उतारासाठी वेगळे येते.