पंखाही गरम हवा फेकतो, अर्ज कुणाकडे करायचा?

प्रश्न : आम्ही अकोल्यात राहतो. सासूबाई बाजारात भाजी विकतात, सकाळी सातला बसतात ते दुपारी दोनपर्यंत, डोक्यावर फक्त एक मेणकापड. मुलाच्या शाळेवर पत्रे आहेत, मार्चपासूनच वर्गात बसवत नाही. टीव्हीवर हवामान बदल हवामान बदल चालू असतं, सरकार काही करताना दिसत नाही. आम्हाला फक्त झाडं लावा, लाइट बंद करा सांगतात. आम्ही नक्की करायचं काय?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, झाडं लावाच, पण तुमचा राग बरोबर आहे. घरातला एक दिवा बंद करून अकोल्याचा पारा उतरणार नाही, आणि सगळी जबाबदारी तुमच्यासारख्यांच्या गळ्यात टाकणं मला अजिबात पटत नाही.

आता एक करा, ‘सरकार’ला पत्र लिहू नका. ते कुणाच्याच टेबलावर जात नाही. आधी टेबल शोधा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात एक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि त्याचे अध्यक्ष असतात कलेक्टर. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला तेव्हा तुमच्याच जिल्ह्यात उन्हापायी १४४ कलम लावलं होतं बघा, कामगारांना पाणी-सावली द्या, दुपारचे क्लास बंद ठेवा वगैरे. म्हणजे मनावर घेतलं की होतं. पण पारा चढल्यावर आदेश काढणं वेगळं आणि फेब्रुवारीतच तयारीला लागणं वेगळं.

अहमदाबादनं हे करून दाखवलंय. तिथं २०१० च्या उन्हाळ्यात खूप माणसं गेली, मग २०१३ ला शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला. त्यात अगदी साध्या गोष्टी आहेत, आधीच इशारा देणं, पाण्याची सोय, गरिबांच्या छपरांना पांढरा रंग. एका हॉस्पिटलनं तर नवजात बाळांचा वॉर्ड वरच्या तापणाऱ्या मजल्यावरून खाली आणला. त्याला काय मोठा खर्च लागतो हो!

तर तुम्ही कलेक्टरांच्या त्या प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. साध्या कागदावर, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. विचारा की शहराच्या उष्णता आराखड्याची प्रत द्या, त्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला, बाजारात सावली-पाण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही आलं तर पहिलं अपील करा, त्याला फार जण कंटाळतात आणि तिथंच गाडी अडते. शाळेच्या पत्र्यांचा अर्ज वेगळा करा. आणि एकट्या जाऊ नका, बाजारातल्या दहा-पंधरा बायका सोबत घ्या, एकीला उद्या या म्हणून परत पाठवता येतं, पंधराजणींना तेवढं सोपं नाही.

मोठ्या पातळीवर काय, तर नेदरलँडमध्ये एका संस्थेनं ८८६ नागरिकांना घेऊन स्वतःच्याच सरकारवर केस केली आणि डिसेंबर २०१९ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली, २०२० पर्यंत हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन १९९० पेक्षा किमान २५ टक्के कमी करावंच लागेल असा निकाल लागला. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं, तेही माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये, सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ खालचा हक्क आहे. हे वाक्य अर्जाबरोबरच्या निवेदनात जरूर घाला, त्यानं वाचणारा जरा सावरून बसतो.

अर्जाची पोच शिक्का मारून घ्या. आणि तोवर सासूबाईंना बाराच्या पुढे बसू देऊ नका, जमत नसेल तर कुणीतरी सोबत हवंच. अंग तापलंय आणि त्या असंबद्ध बोलायला लागल्या तर घरी न्यायच्या भानगडीत पडू नका, सावलीत घ्या, अंगावर गार पाणी मारा आणि लगेच १०८ ला फोन लावा.